हुद्दे काढले म्हणून कारखान्यात नवं काही घडत नाही

कुपवाड-मिरजेच्या उद्योजकांमध्ये एक संदेश फिरतोय : ‘हुद्दे काढा, आर अँड डी (संशोधन विभाग) वेगळी करा, नवनिर्मिती आपोआप होईल. टोयोटात साहेबच नसतो. आपल्या मालकशाही कारखान्यांत मात्र नवं काही घडणं शक्य नाही.’ हेतू चांगला आहे. पण यावर विश्वास ठेवून कुणी खरंच सुपरवायझरची फळी मोडली तर पस्तावेल, म्हणून हे लिहितोय.

आधी टोयोटा. तिथे साहेब असतो, आणि अगदी हाकेच्या अंतरावर असतो. कामगाराने अंदोनची, म्हणजे अडचण कळवायची दोरी ओढली की दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली, तर लाइन थांबतही नाही. हा मधला माणूस काढून टाकला तर दोरी ओढून उपयोग काय?

‘हुद्दे काढा’ या मुद्द्यासाठी आपल्याच फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात या. पंपाच्या केसिंगमध्ये सारखे ब्लोहोल, म्हणजे गॅस अडकून पडणारी छिद्रं, येतायत. मोल्डरला, म्हणजे साचा करणाऱ्याला, कळलेलं असतं की कोरमधला (आतली पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यातला) गॅस बाहेर पडायला वाट कमी पडतेय, आणखी एक व्हेंट काढला तर रिजेक्शन खाली येईल. पण सुपरवायझरला दिवसाचं टनेज (किती टन ओतलं ते) दाखवायचंय, तो ट्रायल घेत नाही. कोर ज्यात बनतो तो कोरबॉक्स पॅटर्न शॉपच्या ताब्यात. रिजेक्शनचे आकडे क्वालिटीकडे. गिऱ्हाईकाने मंजूर केलेली प्रोसेस बदलायची, तर परवानगी डेव्हलपमेंटवाला आणणार. या सगळ्यांचे हुद्दे उद्या सारखे केले तरी ही गाठ जशीच्या तशी राहते. ती सुटते कधी? ठरलेल्या वारी हे सगळे त्या खराब कास्टिंगभोवती उभे राहतात, ट्रायलचे मोल्ड टनेजच्या हिशेबातून वगळले जातात आणि ‘करून बघा’ म्हणायचा अधिकार शॉप फ्लोअरवरच्याच एखाद्याकडे असतो, तेव्हा. माझ्या लेखी कारखान्याची रचना म्हणजे हे.

आर अँड डी वेगळी काढायचं म्हणाल, तर कॉपियर बनवणाऱ्या झेरॉक्स कंपनीने 1970 मध्ये ते करून पाहिलं. मुख्य कचेरीपासून दूर, कॅलिफोर्नियात पालो आल्टोला संशोधन केंद्र काढलं. 1973 मध्ये तिथे माउस आणि पडद्यावर खिडक्या (विंडोज) असलेला आल्टो हा संगणक तयार झाला. कंपनीने तो बाजारात कधी आणलाच नाही. त्याच केंद्रातला लेझर प्रिंटर मात्र 1977 मध्ये विक्रीला आला. कॉपियरच्या धंद्याला तो जवळचा होता, त्यामुळे विकणाऱ्यांना त्याचा उपयोग दिसत होता.

आता मालकशाही. हा आरोप सांगली जिल्ह्यात बसून करावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून उठून 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर आले, तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाने जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती त्यांनी लोखंडी नांगर दिला. कारखाना मालकाचाच होता. पण हा मालक मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ड्रॉइंग शिकवून आलेला, यंत्रावर हात बसलेला माणूस होता. नमुना पारखणारा आणि पैसे सोडणारा एकच असल्यामुळे कागद फिरवावा लागत नसे.

आज मालक महिन्यातून एकदा शेडमध्ये येत असेल, तर ट्रायलपुरता खर्चाचा अधिकार त्याने प्लँट हेडला लेखी द्यावा. एवढं याच आठवड्यात करता येतं.