पिवळ्यात तांबडं

आमच्या घरात जेवण कोकणीत होतं आणि भांडण मराठीत. कोकणीतून रागावलं तर बाबांना स्वतःलाच रागावल्यासारखं वाटत नाही. चाळीस वर्षं देवळाच्या मांडवात पौराणिक नाटकं केलेल्या माणसाचा राग. तो वाक्यावर वाक्य चढवतच यावा लागतो. त्यामुळे मे महिन्यातल्या एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून बाबा "या घरात माझ्या दुर्योधनाला स्थान उरलेलं नाही!" असं गरजले, तेव्हा प्रकरण आता आपल्यावर शेकणार हे मी ओळखलं.

हा दुर्योधन 2006 सालच्या जत्रेतला. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आमचं गाव. जत्रेचं नाटक रात्री साडेदहाला सुरू झालं आणि पहाटे तीनला संपलं. साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतं, म्हणजे चित्र बरं हवं असेल तर दोनेक तासांचा मजकूर. म्हणून शूटिंगवाल्याने तीन तबकड्या दिल्या होत्या. बाबांचं मोठं स्वगत दुसऱ्या तबकडीवर. "चाळीस वर्षांत प्रॉम्प्टरच्या दिशेनं मान वळवली नाही," हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सरबताबरोबर मिळतं, आणि पूर्वी पुराव्यादाखल ही दुसरी तबकडी लावली जायची. पण गेल्या पावसाळ्यात जुना प्लेअर गेला. उघडून बघितलं तर आत पालीची दोन अंडी. तबकडीची जागा त्यांना उबदार वाटली असणार.

"पेनड्राइव्हवर घेऊ या ना, पप्पा," मुलगा म्हणाला. सोपं होतं. फक्त डीव्हीडी घालायची फट असलेला लॅपटॉप आमच्या वाड्यावर एकाकडेच होता, आणि तो माणूस लॅपटॉपसकट इंग्लंडात, स्विंडनला गेला होता.

फोंड्याच्या बाजारात पहिल्या दोन दुकानांत मी डीव्हीडी प्लेअर मागितला, तर तिथल्या पोरांनी मी टाइपरायटरची रिबन मागितल्यासारखं बघितलं. तिसऱ्या दुकानदाराने माळ्यावर शिडी लावली आणि खोक्यावरची धूळ फुंकत म्हणाला, "हो निमाणोच पीस, बाब." म्हणजे हा शेवटचाच. चौदाशे रुपये. वर "केबल?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी जाणकाराच्या थाटात म्हटलं, "एचडीएमआय द्या." म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी. त्याने दोन काढल्या. एक साधी, एक सोनेरी टोकांची, तिप्पट किमतीची. आता एवढ्याशा लांबीच्या एचडीएमआयमधून सिग्नल एकतर धड येतो किंवा चाचरतो, सोन्यामुळे दुर्योधन अधिक तेजस्वी दिसत नाही, हे मला माहीत होतं. पण दुकानदार म्हणाला की गोव्याच्या खाऱ्या हवेत साधी केबल गंजते. आमच्या दाराची कडी, सायकल आणि मेहुण्याची मोटरसायकल डोळ्यांसमोर आली, आणि मी सोनेरी घेतली.

घरी आल्यावर कळलं की प्लेअरला एचडीएमआयचं भोकच नाही.

बाकी भोकं भरपूर होती. पिवळं, पांढरं, तांबडं, ही जुनी ओळखीची. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून डावा आवाज, तांबड्यातून उजवा. शेजारी हिरवं, निळं आणि पुन्हा एक तांबडं! हे तिघे मिळून फक्त चित्र नेतात, म्हणजे या तांबड्याचा आवाजाशी काही संबंध नाही. त्याखाली एक नारिंगी, त्यातून डिजिटल आवाज, तो कुणाला हवा देव जाणे. रंगांची इतकी टंचाई जगात होती का, की दोघांना तांबडाच द्यावा लागला? पिशवी उलटी केली तर त्यातून तीन रंगांची एक वायरही निघाली. प्लेअरबरोबर फुकट आलेली, आणि खरी उपयोगाची तीच.

मग टीव्हीची पाठ. तो भिंतीला चिकटवलेला, मधे चार बोटांचं अंतर. मोबाइलचा टॉर्च दातांत धरून गाल भिंतीला लावला, तेव्हा दिसलं की टीव्हीला एचडीएमआयची दोन भोकं आहेत, आणि रंगीत एकही नाही. म्हणजे सोन्याची दोरी होती, ती बांधायला इथे खुंटी होती, तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात. त्याने काडेपेटीएवढा एक डबा दिला: एका बाजूला तीन रंग, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. घरी जोडला. डब्यावरचा दिवा लागला आणि टीव्ही ढिम्म. तासाभराने चष्मा लावून डब्यावरची अक्षरं वाचली तेव्हा समजलं, की हा एचडीएमआयचं तीन रंगांत करतो. मला हवा होता तीन रंगांचं एचडीएमआय करणारा. दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. कदंबाची बस फोंड्याहून पणजीला जाते तशी परतही येते, पण या डब्याला परतीची फेरी नाही. बदलून आणायला गेलो तर बरोबर दिशेचा डबा संपलेला.

"पण टीव्हीला इअरफोनसारखं एक भोक असेल बघा," दुकानदार म्हणाला. आणि होतं! वर 'एव्ही इन' लिहिलेलं. मी त्याला दोन दिवस इअरफोनचंच समजत होतो. त्यासाठी दुकानदाराने एक वीतभर शेपटी दिली: एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंगांची तीन तोंडं. दीडशे रुपये.

घरी बाबा धोतर नेसून बसलेले. दुसरी तबकडी त्यांनी काढून ठेवली होती. तिच्यावर बुरशीची नक्षी. ती मऊ सुती कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसायची असते, गोल गोल नाही. बाबा मात्र पाटावर गंध उगाळल्यासारखे गोल गोल पुसत होते. ती हातातून काढून घेताना मला पुन्हा मराठी ऐकावं लागलं.

पिवळ्यात पिवळं, पांढऱ्यात पांढरं, तांबड्यात तांबडं. बालवाडीतल्या पोरालाही जमेल. रिमोट दाबला. पडदा काळा, आणि टीव्हीतून भुंगा निघाल्यासारखा घर्रर्र आवाज. त्या आवाजाच्या मागे, खोलवर, हार्मोनियम. स्वयंपाकघरातून हिने विचारलं, "मिक्सर लावला काय?"

मी शेपटीची पिन उपसून उजेडात धरली. तिच्यावर तीन काळे कडे, म्हणजे धातूचे चार तुकडे: दोन आवाज, एक चित्र आणि एक अर्थिंग. आता चौघांनी कुठल्या क्रमाने बसायचं, यावर कंपन्यांचं एकमत नाही. एकाच्या पिनेत जिथे उजवा आवाज, तिथे दुसऱ्याच्या पिनेत चित्र. देवळातल्या मानपानासारखं, पहिला नारळ कुणाचा हे प्रत्येक महाजन वेगळं सांगणार. म्हणजे आमचं चित्र स्पीकरमध्ये शिरलं होतं. चित्र सेकंदाला 50 वेळा वरून खाली सरकतं, ते कानाने ऐकलं की भुंगा होतो.

मी पिवळं काढलं आणि जीव मुठीत धरून तांबड्यात घातलं. आणि दिसला की हो दुर्योधन! जरीचा शेला, पुठ्ठ्याचा मुकुट, खांद्यावर गदा आणि डोळ्यांत काजळ. आवाज फक्त डाव्या बाजूने येत होता, पण स्वच्छ. तांबडं टोक खाली लोंबकळत राहिलं. त्याच्या जागी पिवळं गेलेलं, त्याने जायचं कुठे?

बाबा ताठ बसले. सात मिनिटांचं स्वगत, एकही शब्द न अडखळता. मधल्या थांब्यांना तर काय वजन होतं! "बघ," बाबा हलक्या हाताने मांडी थोपटत म्हणाले, "याला म्हणतात विराम. मान वळवली का? वळवली का मान?"

नव्हती वळवली. मी एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लोंबकळणारी वायर मला बघवत नाही. आणि डोक्यात एकदम उजेड पडला: पिवळं तांबड्यात गेलं, म्हणजे तांबड्याने पिवळ्यात जायला हवं! साधी अदलाबदल. मी हात मागे घातला, चाचपून टोक बसवलं.

उजवा स्पीकर जागा झाला. "हे कर्णा," तो बारीक, घाईच्या आवाजात म्हणाला, "हे कर्णा, मित्रा, आज या कुरुक्षेत्रावर..." आणि एका विरामानंतर डावीकडून बाबांचा धीरगंभीर आवाज, "हे कर्णा!" पुन्हा उजवा, "मित्रा, मित्रा..." डावीकडून, "मित्रा!" उजवीकडचा आवाज आमच्या धाकट्या काकांचा. त्या जत्रेला प्रॉम्प्टर तेच होते. शूटिंगवाल्याने एक माइक रंगमंचावर टांगला होता, आणि दुसरा उभा करायला जागा नाही म्हटल्यावर उजव्या विंगेतला कोपरा मीच त्याला दाखवला होता, हेही मला आता आठवलं.

पुढच्या विरामात काकांनी तेच वाक्य तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जरा वैतागून. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. मुलगा उशीत तोंड खुपसून हलत होता.

मी बाबांकडे न बघता मराठीची वाट बघत राहिलो. पडद्यावर दुर्योधनाने गदा उचलली. बाजूला बाबांनी घसा खाकरला, आणि अगदी हळू आवाजात, कोकणीत म्हणाले, "ती तांबडी काड."