जबड्याखाली हात

नातीची तिसरीची इंग्रजीची वही पुढ्यात आली तेव्हा मी बेसावध होतो. शब्दांचे सिलेबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, पाडायचे होते. अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं बोटांवर मोजत मोठा झालेला माणूस मी. म्हटलं, यात काय आहे? 'रॅबिट'चे रॅ आणि बिट असे दोन तुकडे करून मोकळा झालो.

"आजोबा, रॅब-बिट! बी दोन आहेत ना, एक इकडे, एक तिकडे."

बोलताना ब एकच, वाटणीत मात्र दोन! आमच्या भावकीत असं झालं असतं तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

तरी त्यात मेख आहे, हे मान्य करायला हवं. एक एन असला की डाय-नर (diner), दोन असले की डिन-नर (dinner). पहिला तुकडा स्वरावर उघडा राहिला की आय आपलं नाव सांगतो. मागून व्यंजनाने दार लावलं की गुपचूप 'इ' होतो. मला हे आवडलंच. नात ती नातच, लगेच म्हणाली, "मग लेमन?" एम तर एकच. नियमाने लीमन व्हायला हवं. पुस्तकात तोडगा होता : लीमन असं म्हणत नसतील तर एमला मागे ओढा, लेम-अन करा.

"पण ओढायचं कधी?"

"उच्चार तसा असेल तेव्हा."

"आणि तुकडे कशाला पाडायचे?"

"उच्चार कळावा म्हणून."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "उच्चार आधीच येतो, तर मग सकाळपासून दोघं काय करून राहिलात?"

शेवटी टीचरने सांगितलेली युक्ती निघाली. हनुवटीखाली हात धरायचा आणि शब्द म्हणायचा. जबडा जितक्यांदा खाली येईल तितके सिलेबल. इंग्रजीत नऊ अक्षरी 'स्ट्रेंग्थ्स' एका दणक्यात संपला, चार अक्षरी 'एरिया'ने तीनदा हात दाबला. मला नादच लागला. इंदूरच्या राजवाड्याकडे पोहे-जिलबी आणायला गेलो तरी हात हनुवटीखालीच. पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरता भुरभुरता दुकानदार थांबला. "क्या भिया, दाढ दुख री हे क्या?" मी मान हलवली. त्याने बिचाऱ्याने जिरावन कमी घातलं.

उरलेले शब्द मी एकट्याने मोजून दिले. सोमवारी वही परत आली. एकाच शब्दावर लाल फुली : स्टेशन. आम्ही तीन लिहिले होते, टीचरने दोन केले होते.

"आजोबा, तुमचा जबडा चुकला."

साठ वर्षं इंदुरात काढल्यावर जबडा कसा चुकेल? मी पुन्हा हात लावला आणि सावकाश म्हणून पाहिलं. इस्-टे-शन.

तीनच.