पेरणीआधी जमिनीत सळई खुपसून बघा

पहिला दमदार पाऊस झाला की कोरडवाहू शेती करणाऱ्याचे हात शिवशिवायला लागतात. त्यात शेजारच्या रानात पेरणीची तिफण सुरू झालेली दिसली तर बांधावर गप्प उभं राहणं फार अवघड. मीही एका वर्षी थांबलो नाही. वरची चार बोटं माती ओली होती, मूठ वळत होती, वाफसा, म्हणजे पेरता येईल इतपत ओल, आला होता. ज्वारी पेरून मोकळा झालो. उगवण इतकी सुरेख झाली की रोज संध्याकाळी नुसतं बघायला जायचो. मग पावसाने दडी मारली. पानं दुपारी सुरळी करायला लागली, पुढे ती सकाळीही उलगडेनात. एक रोप उपटलं तर मुळं चार बोटं खाली जाऊन तिथेच आडवी वळलेली. त्याखालची माती भुकटीसारखी कोरडी. वरच्या ओलीला खालची ओल भिडलीच नव्हती. दुबार पेरणी करावी लागली, तीही हंगाम निम्मा सरल्यावर.

तेव्हापासून एक लोखंडी सळई कायम जवळ असते. करंगळीपेक्षा बारीक, मीटरभर लांब, वर धरायला आडवी मूठ जोडलेली. पेरणीआधी रानात दहा-बारा ठिकाणी ती हाताच्या जोराने खुपसायची, एवढंच. ओल्या मातीत ती सरकत जाते आणि कोरडा थर आला की थांबते. दगड लागला तर हाताला ठणका बसतो. कोरड्या मातीत मात्र ती मुकाट अडते. हा फरक चार दिवसांत हाताला कळतो. सळई वीतभर जाऊन अडली तर मी पेरत नाही, मग आजूबाजूचं सगळं शिवार पेरून झालेलं असो.

हे एवढं पोटतिडकीने लिहितोय, कारण कोरडवाहू धान्यशेतीचं आपलं सगळं बोलणं आभाळाकडे बघून चालतं. पाऊस किती झाला, किती होणार, कधी होणार. पीक मात्र रोज पाऊस पीत नाही. ते जमिनीत साठलेली ओल पितं. निमकोरड्या हवामानाची व्याख्याच अशी आहे की वर्षाचा पाऊस हा ऊन-वारा मिळून जेवढं पाणी उडवू शकतात त्याच्या पाचव्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच असतो. म्हणजे हिशोब मुळातच तुटीचा आहे. जे काही पिकतं ते जमिनीने ऊन लागू न देता लपवून ठेवलेल्या पाण्यावर. खोल काळी जमीन मीटरभर खोलीत पिकाला उपयोगी पडेल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरते. वीतभर मातीखाली मुरूम असलेली हलकी जमीन त्याच्या पाव हिस्साही धरत नाही. एकाच ढगाखालच्या या दोन रानांना एकच बियाणं, एकच अंतर आणि एकच तारीख लावली जाते. ही माझी पहिली तक्रार.

ऑस्ट्रेलियातल्या फ्रेंच आणि शुल्ट्झ या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये कोरडवाहू गव्हासाठी एक हिशोब मांडला. हंगामात पिकाला मिळालेल्या पाण्यातून ११० मिलिमीटर वजा करा, ते मातीच्या तोंडावरूनच उडून जातं. उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरमागे हेक्टरी जास्तीत जास्त २० किलो धान्य. २५० मिलिमीटर पाणी मिळालं तर १४० कामाचं, म्हणजे फार तर २,८०० किलो. ही वरची मर्यादा आहे. तण, कीड, चुकलेली वेळ यांनी ती खालीच येते, आणि पीक व जमीन बदलली की आकडेही बदलतात. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. त्या ११० मधलं २० मिलिमीटर वाचवता आलं तर तेवढ्यावर हेक्टरी ४०० किलोपर्यंतची सोय होते. २० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दोन लाख लिटर, दहा हजार लिटरचे वीस टँकर. टँकरने एवढं पाणी कुणी रानात ओतणार नाही, पण तेवढंच पाणी आपल्या डोळ्यांदेखत उडून जातं आणि आपण त्याला नुकसान म्हणतही नाही.

‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे आपल्याकडचे जुने लोक याच हिशोबाने म्हणायचे. पिकाच्या ओळींमधून कोळपं हे औजार फिरलं की भेगा बुजतात, तण मरतं, वरचा दोन बोटांचा थर सैल होऊन खालच्या ओलीवर पांघरूण पडतं. भारी जमिनीत भेगांवाटे किती पाणी जातं ते बघायचं असेल तर दुपारी भेगेत काडी घालून बघा. काडी संपते, भेग संपत नाही.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतात तो मुद्दा. दाट पेरा. हिरवंगार, जमीन झाकून टाकलेलं रान दिसलं की आपल्याला शेतकरी हुशार वाटतो, आणि विरळ रान दिसलं की त्याने बियाण्यात कंजुषी केली असं वाटतं. कोरडवाहूत हे उलटं आहे. माझ्याच रानात, तिफण वळवताना टोकाला बी दोनदा पडतं, तिथला पट्टा दरवर्षी दाट उगवतो. पहिला महिना तो पट्टा सगळ्यात देखणा असतो. पोटरीच्या सुमाराला, म्हणजे कणीस अजून पानाच्या वेष्टणात असताना, तिथली खालची पानं करपायला लागतात, कणीस बाहेर पडायची, निसवायची वेळ येते तेव्हा निम्मी ताटं पोटरीतच अडकून राहतात, आणि जी कणसं बाहेर येतात त्यांच्यातले दाणे चिमलेले. दहा पावलं आत, जिथे विरळणी करून दोन ताटांत वीतभर अंतर ठेवलंय, तिथे त्याच पावसावर कणीस भरलेलं. दोन्हीकडे पाणी सारखंच होतं. दाट पट्ट्याने ते पानं वाढवण्यात आधीच खर्चून टाकलं आणि दाणा भरायच्या वेळी काही उरलं नाही.

पेरणीबरोबर नत्राचा (युरियासारख्या खताचा) मोठा डोस दिला की असंच होतं. पीक पानांनी माजतं, ओल लवकर आटवतं आणि शेवटी नुसता कडबा हातात येतो. ज्वारी-बाजरी ही सोशिक पिकं खरी. ज्वारीची मुळं दीड मीटरपर्यंत जातात, पानावर मेणाचा थर असतो, ताण पडला की ती वाढ थांबवून वाट बघते. पण वाट बघायलाही खाली थोडी ओल लागतेच.

हे नवीन नाही. १९३०च्या दशकात सोलापूर, विजापूरसारख्या ठिकाणी कोरडवाहू शेतीवर संशोधन झालं, त्यातून जी पद्धत पुढे आली तिच्यात बांधबंदिस्ती आणि वारंवार कोळपणीबरोबर ओळींत जास्त अंतर आणि कमी बियाणं ही शिफारस होती. इतक्या वर्षांनंतरही आपण बियाण्याचं प्रमाण बागायती पिकाकडे बघून ठरवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि चांगल्या वर्षावरून शेती आखायचा मोह. दक्षिण ऑस्ट्रेलियात जॉर्ज गॉयडर नावाच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याने १८६५ मध्ये, दुष्काळात घोड्यावरून फिरून, झाडोरा कुठे बदलतो ते बघत नकाशावर एक रेघ मारली. रेघेच्या दक्षिणेला धान्य पिकेल, उत्तरेला फक्त जनावरं चारता येतील. पुढच्या दशकात पाऊस चांगला झाला. लोक म्हणू लागले की नांगर गेला की पाऊस मागोमाग येतो. १८७४ मध्ये सरकारने रेघेपलीकडची जमीनही पेरणीसाठी खुली केली, गहू पिकलाही, लोकांनी दगडी घरं बांधली. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ परतला आणि कुटुंबंच्या कुटुंबं जमीन सोडून गेली. त्या घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत. मला त्या माणसांचा राग येत नाही. सलग चार-पाच वर्षं पिकलं तर मीही तेच केलं असतं.

याचा अर्थ कोरडवाहूत थोडक्यात समाधान मानावं असा कुणी काढू नये. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या काळ्या जमिनीवर १९७६ पासून एक प्रयोग चालू आहे. जुन्या पद्धतीत, म्हणजे पावसाळ्यात रान मोकळं ठेवून फक्त रब्बी पीक घेतलं, तर वर्षाला हेक्टरी सरासरी १.१ टन धान्य. रुंद वरंबे आणि सऱ्या, पाणी मुरवण्याची सोय, संतुलित खत आणि दोन पिकांची जोडी केली तर ५ टनांच्या आसपास. दोन्हीकडे पाऊस तोच. एवढा पाऊस आणि एवढी खोल जमीन सगळीकडे नसते, म्हणून तो आकडा उचलून मुरमाड रानाला लावता येणार नाही. पण पडलेलं पाणी आधी मुरवायचं आणि पीक त्यावर बेतायचं, हा क्रम हलक्या रानालाही लागू आहे. तिथे कमी दिवसांची बाजरी घ्या, अंतर वाढवा, उताराला आडवं पेरा.

ओल झाकलेली राहावी म्हणून कापणीनंतरची धसकटं आणि पालापाचोळा रानात ठेवा, असं सांगितलं की लगेच विचारतात, मग जनावरांनी काय खायचं? प्रश्न रास्त आहे. कडबा हे कोरडवाहूचं दुसरं पीकच आहे. मी सगळं ठेवत नाही. ताटं थोडी उंचावरून कापतो, वीतभर धसकट उभं राहू देतो आणि पुढच्या पेरणीच्या तोंडापर्यंत वखर घालत नाही.

विरळ पेरणीची किंमतही सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. गेल्या चांगल्या पावसाच्या वर्षी शेजारच्या दाट रानाला माझ्यापेक्षा जास्त उतारा पडला. तिथे पाणी कमी पडलं नाही, त्यामुळे जास्त ताटांनी जास्त धान्य दिलं. घरातही त्यावरून बोलणं झालं. त्याआधीच्या दोन वर्षांत माझं रान भरलं होतं आणि दाट रानातून फक्त चारा निघाला होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात नव्हतं. काढणी झाल्यावर मी दोन्ही रानांत सळई घालून बघितली. शेजारी ती वीतभर जाऊन अडली. माझ्याकडे वरचा कोरडा थर जोर लावून फोडल्यावर ती दोन हात खाली गेली.