सगळे फोरॅमिनिफेरा डायनासोरांसोबत संपले नाहीत
‘६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांसोबत समुद्रातले सगळे फोरॅमिनिफेरा पण संपले’ असा मेसेज फिरतोय, तो अर्धाच खरा आहे. फोरॅमिनिफेरा म्हणजे समुद्रातले कवच असलेले बारीक एकपेशीय जीव. मेले ते मुख्यतः पाण्यात तरंगणारे, तळाच्या चिखलात राहणारे बरेचसे वाचले. इटलीतल्या गुब्बिओची चुनखडी बघा, त्या विनाशाच्या वेळी साचलेल्या मातीच्या जेमतेम एक-दोन सेंटीमीटर थराखाली ग्लोबोट्रंकाना या तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेराची मोठी कवचं साध्या भिंगातूनही दिसतात आणि थराच्या वर एकदम बारीक कवचं, मायक्रोस्कोपच लागतो. ट्युनिशियात अल केफलाही हाच बदल, फक्त तिथे गाळ जाड साचलाय म्हणून टप्पे जास्त नीट कळतात. गुएम्बेलिट्रिया नावाचं चिमुकलं तरंगणारं फोरॅमिनिफेरा तर यातूनही तगलं आणि नंतर भरपूर वाढलं. आपल्याकडे आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळात त्यानंतरच्या काळातले तरंगणारे फोरॅमिनिफेरा सापडलेत, सगळेच मेले असते तर हे आले कुठून?