पोट भरलेल्यांचं दुःख? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया तिखट आहे, म्हणूनच सविस्तर लिहितो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: इटालियन दिग्दर्शक आंतोनिओनीचे सिनेमे म्हणजे पोट भरलेल्यांची थेरं, त्यांत काहीच घडत नाही; दे सिकाच्या 'बायसिकल थीव्ह्ज'मधल्या गरीब बापाला एकटं वाटून घ्यायला सवड तरी होती का; आणि समीक्षक निव्वळ भिडेपोटी माना डोलावतात.

भिडेचं आधी उरकतो. १९६० साली कानच्या चित्रपट महोत्सवात आंतोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'ची भर प्रेक्षागृहात हुर्यो उडवली गेली. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक रोस्सेलिनीसकट अनेकांनी पाठिंब्याचं पत्रक काढलं, पुढे ज्युरी पारितोषिकही मिळालं. पण सुरुवात शिट्ट्यांनीच झाली होती.

'बायसिकल थीव्ह्ज'चं नाव काढलंत ते मात्र बरं झालं. १९४८चं रोम: सायकल चोरीला जाते आणि पोस्टर चिकटवायची नोकरी धोक्यात येते. ती सायकल गहाणातून सोडवायला बायकोने आधी घरातल्या चादरी गहाण टाकलेल्या. चोर सापडतो तेव्हा त्याची बाजू घ्यायला अख्खी गल्ली धावून येते. आता आंतोनिओनीचा १९६२चा 'लेक्लिसे' घ्या. रोम तेच. एक दारुडा शेअर दलाल पिएरोची गाडी पळवतो आणि तिच्यासकट तळ्यात जातो. सकाळी क्रेनने गाडी वर काढतात, आत प्रेत. आणि पिएरोला चिंता कसली, तर पत्र्याला किती पोचे आलेत आणि इंजिनचं काय झालं याची! चोराचं नावही आपल्याला कळत नाही. मधल्या चौदा वर्षांत इटलीत कारखाने आले, गाड्या आल्या, 'आर्थिक चमत्कार' झाला. दे सिकाने सांगितलेल्या गोष्टीचा हा पुढचा अध्याय आहे, असं मी म्हणतो.

आणि पोट भरलेले म्हणजे नक्की कोण? 'लेक्लिसे'मध्ये शेअर बाजारात पैसे लावणारी नायिका वित्तोरियाची आई गरिबीच्या धास्तीने खेळते. भाव कोसळतात त्या दिवशी एक जाडगेला गृहस्थ पाच कोटी लिरा घालवून बाहेर पडतो, कॅफेत बसतो आणि कागदावर फुलं काढतो. वित्तोरिया विचारते, बुडालेले पैसे जातात कुठे? पिएरो म्हणतो, कुठेच नाही. त्याच बाजारात मेलेल्या सहकाऱ्यासाठी मिनिटभर स्तब्धता पाळतात तेव्हा फोन वाजत राहतात, आणि हा पठ्ठ्या कुजबुजतो की इथे एक मिनिट म्हणजे अब्जावधी लिरा. याला 'काहीच घडत नाही' म्हणायचं असेल तर माझा इलाज नाही.

शिवाय आंतोनिओनीचाच 'इल ग्रिदो' (१९५७) तुम्ही विचारात घेतलेला नाही. त्यातला आल्दो साखर कारखान्यातला कामगार. त्याच्यासोबत राहणारी इर्मा त्याला सोडते आणि तो लेकीला घेऊन पो नदीच्या खोऱ्यात भटकत राहतो. हाताला काम मिळतं, बायकाही भेटतात, पण कुठेच टिकत नाही. शेवटी परततो तेव्हा गाव विमानतळासाठी जाणाऱ्या जमिनींवरून आंदोलनात उतरलंय. सगळे एकीकडे धावतायत आणि हा एकटा कारखान्याच्या मनोऱ्याकडे. एकटेपणाला सवड लागते हा तुमचा मुद्दा आल्दोपाशी टिकत नाही.

आंतोनिओनीच्या 'ला नोत्ते'बद्दल मात्र फार भांडणार नाही. उद्योगपतीच्या बंगल्यावरची पार्टी मलाही लांबलेली वाटते. तिथल्या पाहुण्यांना तुमचा 'थेरं' हा शब्द खुशाल लावा.