‘जुनाच नंबर टाका, चष्मा घरपोच’: कामून टाकावा?

सेलूच्या आमच्या मामांनी गेल्या महिन्यात मोबाइलवरून चष्मा मागवला. निमित्त नातेवाइकांच्या ग्रुपवरचा मेसेज: ‘चष्मेवाल्यांची लूट थांबवा! जुन्या कार्डावरचा नंबर टाका, तपासणीची गरज नाही. पीडी-बिडीची मापं फक्त घाबरवायला. निळा प्रकाश अडवणारी ब्लू कट काच लावा, मोबाइल कितीही बघा, नंबर वाढणार नाही. साठीनंतर जवळचा नंबर आपोआप उतरतो, तेव्हा चष्माच सोडा. दुकानातली फ्रेम दहापट महाग.’ मला हाच मेसेज आतापर्यंत चौघांनी पाठवलाय, त्यातले दोघं शिक्षक आहेत!

चष्मा आला. तो लावून मामा ओसरीच्या पायऱ्या उतरायला लागले आणि मधेच थांबले. “जमीन वर आल्यावाणी दिसायली गं.” नंबर कुठला टाकला विचारलं, तर २०१९ च्या कार्डावरचा. मामांचं वय ५८, आणि शुगर जुनी.

चष्म्याचा नंबर म्हणजे आधारचा नंबर नव्हे, एकदा मिळाला की जन्मभर तोच. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचा नंबर साठीपर्यंत हळूहळू चढत राहतो. शुगर फार वाढली की भिंगात पाणी धरतं आणि नंबर थोड्या दिवसांतच सरकतो, शुगर खाली आली की पुन्हा फिरतो. म्हणून तर डॉक्टर शुगर आटोक्यात आल्यावर नंबर काढायला बोलावतात. आणि नंबर काढणं हे तपासणीतलं एक काम झालं. थेंब टाकून बाहुली मोठी करायची, डोळ्याच्या मागचा पडदा बघायचा, डोळ्याचा दाब मोजायचा, हे कोण करणार? काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, डोळा लालही होत नाही, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. शुगरनं पडद्यावरच्या रक्तवाहिन्या झिरपायला लागल्या तरी सुरुवातीला माणसाला सगळं स्पष्टच दिसत असतं. वेबसाइटवर नंबर भरायच्या रकान्यात यातलं काय भरणार?

‘आपोआप उतरतो’ या ओळीचा तर मला सगळ्यात जास्त राग आहे. आपल्याकडे पंच्याहत्तरीतल्या आजीला बिनचष्म्याची सुई ओवता येते म्हणून कोण कौतुक! पण साठीनंतर असं पुन्हा जवळचं दिसायला लागलं तर तो पुष्कळदा मोतीबिंदू असतो. भिंगाचा गाभा घट्ट, पिवळसर होत जातो, डोळ्याला मायनस नंबर येतो, म्हणून काही काळ जवळचं चष्म्याशिवाय दिसतं. लांबचं मात्र धूसर होत जातं. सुई ओवणारी आजी फाट्यावर एसटीची पाटी नातवाकडून वाचून घेते, ते कुणाच्या लक्षात येत नाही. अशा माणसाला ‘चष्माच सोडा’ सांगायचं म्हणजे कमालच झाली.

आता पीडी. दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ च्या दरम्यान असतं. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर डोळ्यांना ओढ बसते, आणि नंबर जितका मोठा तितकी ती जास्त. पाऊण-एक नंबरला खपून जातं, सहा नंबरला नाही. मामांची काच तर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर लांबचा नंबर, खाली जवळचा. त्यासाठी फ्रेम चेहऱ्यावर चढवून, काचेवर पेनानं खूण करून बाहुलीची उंची घ्यावी लागते. मामांची कुणी घेतली? २०११ साली अमेरिकेत एका अभ्यासासाठी दहा ऑनलाइन विक्रेत्यांकडून मुद्दाम चष्मे मागवले होते. हातात आले १५४, आणि त्यातले ४४.८ टक्के कुठल्या ना कुठल्या कसोटीत नापास झाले, नंबरच्या नाहीतर काचेच्या मजबुतीच्या. अभ्यास जुना आहे, परदेशातला आहे, कबूल. पण मामांनी तर नंबरही जुनाच दिला होता.

ब्लू कटबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही. तशा काचेनं डोळ्यांचा थकवा कमी होतो असं चाचण्यांत दिसलं नाही, नंबर थांबण्याची गोष्ट तर दूरच. दुकानदारही तीच काच गळ्यात मारतात, हेही खरं.

राहिली महागाई. इथं मात्र मेसेजवाल्याला अर्धे मार्क देते. फ्रेमवर दुकानात भरपूर नफा असतो, आणि पीडी लिहून मागितली की काहींचं तोंड वाकडं होतं. ताजा नंबर आणि मोजलेली पीडी हातात असेल, नंबर साधा आणि लहान असेल, तर मागवा खुशाल ऑनलाइन. मीही वाचायचा एक मागवलाय, ठीक आहे.

पण मामा, तुम्ही नाही. जिल्हा रुग्णालयात केस पेपर काढला तरी नंबर काढून मिळतो. पण तुमचा पडदाही नीट बघून घ्यायचाय, म्हणून पुढच्या सोमवारी रेल्वेनं जालन्याला, गणपती नेत्रालयात. थेंब टाकल्यावर तीन-चार तास धूसर दिसतं, म्हणून सोबत मी येतेय. २०१९ चं कार्ड शोधू नका, ते मी माझ्याकडं आणून ठेवलंय.