शोधनिबंध कुठे पाठवावा, याविषयी थोडे सविस्तर

मागच्या आठवड्यात आमच्या विभागातील एका तरुण सहकारी प्राध्यापिकेने तिच्या मोबाइलवर आलेला एक संदेश मला दाखवला. दोन हजार आठशे रुपये भरावेत, शोधनिबंध पाठवावा आणि तीन दिवसांत अंक व प्रमाणपत्र दोन्ही घ्यावे, असा त्यातील मजकूर होता. तिला पदोन्नतीचा प्रस्ताव लवकरच सादर करायचा आहे, महाविद्यालयात नॅकची, म्हणजे मूल्यांकन समितीच्या भेटीची, तयारी सुरू आहे, आणि तिच्याकडे तीन वर्षांच्या कष्टाचे काम लिहून तयार आहे. तिने विचारले, "मॅडम, काम तर मी प्रामाणिकपणे केलंय. मग ते कुठे छापून आलं याने काय फरक पडतो?" माझा तास सुरू होणार होता, म्हणून मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून निघाले. ते उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कितीतरी प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी आज याच प्रश्नापाशी उभे आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते उत्तर इथे नीट लिहीत आहे.

मी स्वतः एकदा असाच पैसे भरून निबंध छापून घेतला आहे. यावल आणि रावेर तालुक्यांतील केळीबागांमध्ये उगवणाऱ्या तणांची मी २०१४ च्या सुमारास नोंद केली होती. दोन पावसाळे बांधाबांधाने फिरून केलेले ते काम होते. साडेतीन हजार रुपये भरल्यावर पाचव्या दिवशी निबंध स्वीकारला गेला आणि महिना संपण्याच्या आत छापूनही आला. दोन वर्षांनी पीएच.डी.च्या प्रबंधासाठी तोच तक्ता पुन्हा उघडला, तेव्हा लक्षात आले की दोन स्तंभांची शीर्षके उलटी पडली आहेत. यावलच्या नोंदी रावेरच्या नावाखाली आणि रावेरच्या यावलच्या नावाखाली गेल्या आहेत. तक्त्याखालच्या परिच्छेदात मात्र सर्व बरोबर लिहिलेले होते. म्हणजे तक्ता आणि परिच्छेद कोणी एकदा शेजारी ठेवून वाचले असते, तर चूक तिथेच सापडली असती. शुद्धिपत्र छापावे म्हणून मी संपादकांना तीन वेळा लिहिले. एकाही पत्राला उत्तर आले नाही, आणि काही काळाने ते संकेतस्थळच बंद पडले. छापील प्रत माझ्या कपाटात आहे, आणि रावेरच्या शेतांत मला कधी दिसलेच नाही ते तण तिथे विपुल आढळते, असे त्या प्रतीत माझ्या नावाने लिहिलेले आहे. पैशांचे मला फारसे वाटत नाही. दोन पावसाळ्यांचे काम एकाही माणसाने न वाचता छापले गेले, हे अजून सलते.

त्यानंतरचा निबंध केळीवरील हरण्या रोगाविषयी होता. आपल्याकडच्या केळी उत्पादकांना या रोगाची ओळख करून द्यायला नको. कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होणाऱ्या या रोगात कोवळ्या पानांवर पिवळसर पट्टे उमटतात, वाढ खुंटते, पोंगा, म्हणजे मधले न उलगडलेले पान, सडू लागतो आणि रोगट झाड उपटून नष्ट करण्याखेरीज इलाज राहत नाही. मावा या किडीमार्फत विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, आणि काकडीवर्गीय वेलींपासून मिरची, टोमॅटो आणि कित्येक तणांपर्यंत अनेक वनस्पतींत तो टिकून राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ हवा आणि रिमझिम पाऊस लागून राहिला की मृगबागेच्या कोवळ्या रोपांवर तो झपाट्याने पसरतो. बागेच्या कडेला वाढणारी कोणती तणे या विषाणूला आसरा देतात, हा माझा प्रश्न होता.

पहिल्या जर्नलने नऊ दिवसांत निबंध परत पाठवला. तो परीक्षकांकडे, म्हणजे निबंध तपासणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांकडे, गेलाच नव्हता. हे काम आमच्या विषयकक्षेत बसत नाही, एवढेच दोन ओळींचे पत्र होते. चूक माझी होती, कारण त्या जर्नलचे मागचे अंक न चाळता केवळ नाव पाहून मी ते निवडले होते. दुसऱ्या जर्नलने साडेचार महिने घेतले आणि दोन परीक्षकांचे अभिप्राय पाठवले. एकाचे म्हणणे भाषा आणि आकृत्या यांच्यापुरते होते. दुसऱ्याने मुळावरच बोट ठेवले. ज्या तणांवर रोगाची लक्षणे दिसली, केवळ त्यांचीच पाने मी एलायझा या विषाणू ओळखण्याच्या चाचणीसाठी घेतली होती. काही वनस्पती लक्षणे न दाखवताही विषाणू बाळगतात. त्या तपासल्याच नसतील, तर अमुक तणापासून धोका नाही असे म्हणण्याचा अधिकार लेखिकेला उरत नाही, असे त्याने लिहिले होते. तुलनेसाठी घेतलेले निरोगी नमुने कुठून आणले, हेही मी नोंदवलेले नव्हते.

दोन दिवस मी ते पत्र पुन्हा उघडले नाही. सुसज्ज प्रयोगशाळेत बसून अशा सूचना करणे सोपे आहे, असे मनात येत राहिले. तिसऱ्या दिवशी स्वतःचाच निबंध परक्याचा समजून वाचला, तेव्हा आक्षेप शब्दशः खरा असल्याचे दिसले. तोवर ऑक्टोबर उजाडला होता आणि बांधावरची बहुतेक तणे वाळून गेली होती. संपादकांना परिस्थिती कळवली. नवे नमुने घेऊन निबंध पुन्हा नव्याने पाठवावा, असे त्यांनी सुचवले. मी पुढच्या पावसाची वाट पाहिली.

पुढच्या जुलैत त्याच बागांमध्ये गेले, तेव्हा रावेरकडच्या एका शेतकरी काकांनी विचारले, "ताई, रोगाचं पान नेता ते समजलं, पन चांगल्या झाडाचं पान कायले नेऊन राह्यल्या?" चांगल्या दिसणाऱ्या झाडातही रोग लपलेला असू शकतो, तो आहे की नाही हे पाहायचे आहे, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मंग मागच्या साली का नाही नेलं?" परीक्षकाने सात-आठ ओळींत मांडलेला आक्षेप त्यांनी बांधावर उभ्या उभ्या एका वाक्यात मांडला होता.

त्यानंतर तेरा महिन्यांनी निबंध छापून आला. ज्या तणांना पहिल्या मसुद्यात मी निर्दोष ठरवले होते, त्यांपैकी एकाविषयीचा निष्कर्ष मला बदलावा लागला. तो बदल झाला नसता, तर ते तण बांधावर राहू द्यायला हरकत नाही, असे मी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात सांगून बसले असते आणि माझ्या सांगण्यावर विसंबून कोणीतरी ते राहू दिले असते.

माझ्या सहकारी मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. प्रामाणिकपणे केलेल्या कामातही चुका असतात, आणि त्या करणाऱ्याला दिसत नाहीत. आपल्या ग्रामीण महाविद्यालयांत हे अधिकच खरे आहे, कारण एका विभागात त्याच विषयात काम करणारा दुसरा माणूस सहसा नसतो. मुंबई-पुण्याच्या संशोधन संस्थेत जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी सहज विचारतो की तुझे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, कुठे आहेत. आमच्याकडे तो प्रश्न विचारणारा माणूस केवळ जर्नलच्या परीक्षकाच्या रूपानेच भेटतो. तीन दिवसांत छापून देणारा प्रकाशक आपल्याकडून पैसे घेतो आणि ती एकमेव भेट टाळून देतो.

परीक्षणाची ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले, परंतु प्रत्येक निबंध बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्याचा नियम 'नेचर'सारख्या नामांकित विज्ञान नियतकालिकानेही १९७३ मध्ये जाऊन केला. १९३६ साली आइनस्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्यासह एक निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला होता. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नसतात, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकांनी तो परीक्षकाकडे दिला आणि परीक्षकाने त्यातील दोष दाखवला. छापण्यापूर्वी निबंध इतरांना दाखवण्याची परवानगी आपण दिलीच नव्हती, असे रागाने कळवून आइनस्टाइन यांनी तो परत घेतला. पुढे चूक ध्यानात आल्यावर निष्कर्ष बदलून तो निबंध १९३७ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये त्या लहरी प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या. परीक्षकाच्या पत्राचा राग येतो तेव्हा मी ही हकीकत आठवते.

परीक्षकही चुकतात, काही उद्धट असतात, काही सहा महिने निबंध दाबून ठेवतात. हे सर्व मी अनुभवले आहे, आणि तरीही माझे मत बदललेले नाही.

आता याद्यांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी केली, मे २०१८ मध्ये त्यातून ४,३०५ नावे वगळली, २०१९ मध्ये 'केअर' नावाची जर्नलांची नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. जर्नलचा दर्जा आता संस्थांनी आणि प्राध्यापकांनी स्वतः ठरवायचा आहे. यादी गेली याचे मला वाईट वाटत नाही. ती असताना आम्ही जर्नल उघडून वाचण्याऐवजी यादीत नाव आहे का एवढेच पाहत होतो, आणि खऱ्या जर्नलच्या नावाने बनावट संकेतस्थळे उभी करणाऱ्यांना तेवढेच पुरत होते. परंतु यादी गेल्यावर वाचण्याची सवय आपोआप लागलेली नाही, आणि ती पोकळी आज पैसे घेऊन निबंध छापून देणाऱ्या एजंटांनी भरून काढली आहे.

मी आता कोणत्याही जर्नलचे मागच्या दोन वर्षांतील चार-पाच निबंध पूर्ण वाचल्याशिवाय तिथे काही पाठवत नाही. वनस्पतिशास्त्र, वाणिज्य, मराठी साहित्य आणि नर्सिंग यांवरचे निबंध एकाच अंकात असतील, तर ते सर्व वाचू शकणारा संपादक या जगात असणे अशक्य आहे. निबंध आल्याची आणि स्वीकारल्याची तारीख बऱ्याच जर्नलांत निबंधावर छापलेली असते; त्यांत आठवड्याचे अंतर असेल, तर परीक्षण झालेले नाही हे उघड आहे. एकदा संपादक मंडळातील एका प्राध्यापकांना मी थेट पत्र लिहिले, तेव्हा आपले नाव तिथे आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

शुल्क घेणे हाच दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. मुक्त प्रवेश देणारी, म्हणजे कोणालाही निबंध विनामूल्य वाचू देणारी, नामांकित जर्नलेही लेखकाकडून शुल्क घेतात. 'नेचर'ने त्यासाठी ९,५०० युरो, म्हणजे आठ लाख रुपयांहून अधिक, आकारण्याचे २०२० मध्ये जाहीर केले. मला ही रक्कम अन्यायाची वाटते, कारण खान्देशातला कोणताही प्राध्यापक ती भरू शकणार नाही. सुदैवाने तशी गरजही नाही. वर्गणीवर चालणारी बहुसंख्य जर्नले लेखकाकडून काहीच घेत नाहीत. सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीची जर्नले आपल्याच देशात आहेत. नऊपैकी नऊ सहकाऱ्यांनी मला "पैसे भरल्याशिवाय कुठे छापतात का?" असे विचारले आहे, आणि या गैरसमजावरच एजंटांचा व्यवसाय उभा आहे.

निबंध पाठवण्याच्या कामात फारसे अवघड काही नाही. एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवावा, हा नियम कसोशीने पाळावा. लेखकांसाठीच्या सूचना अक्षरशः पाळाव्यात. संपादकांना लिहायच्या पत्रात प्रशस्ती नको, आपण कोणता प्रश्न विचारला आणि काय आढळले हे पाच-सहा ओळींत पुरे. दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत आयोगाच्या २०१८ च्या नियमांत चालते, म्हणून ते दहावर आणण्यासाठी शब्द फिरवत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. स्वतःच्या वाक्यांत लिहिले की तो प्रश्न उद्भवत नाही. आणि ज्यांनी काम केलेले नाही, त्यांची नावे लेखक म्हणून घालू नयेत, मग ते विभागप्रमुख असोत वा प्राचार्य. ज्या शेतकऱ्यांनी बागा उघड्या करून दिल्या, त्यांचे आभार मात्र त्यांना विचारून, नावानिशी मानावेत.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. पदोन्नतीच्या मोजणीत विज्ञान शाखेत एका निबंधाला ८ गुण मिळतात, प्रस्तावाची तारीख ठरलेली असते आणि पावसाळा त्या तारखेप्रमाणे येत नाही. पीएच.डी.साठी निबंध छापलेला असण्याची सक्ती आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढून टाकली, ते योग्यच झाले. पदोन्नतीतही निबंध मोजण्याऐवजी कोणीतरी ते वाचावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. समितीपुढे दहा निबंधांची यादी ठेवण्यापेक्षा उमेदवाराने दोनच निबंध ठेवावेत आणि समितीने त्यांवर त्याला प्रश्न विचारावेत. हा बदल होईपर्यंत उमेदवाराची ओढाताण होणार, आणि मी माझ्या सहकारी मैत्रिणीला वाट पाहण्याचा सल्ला देते तेव्हा तिचे एक वर्ष पणाला लागते, याची मला पूर्ण जाणीव आहे.

तिने अजून पैसे भरलेले नाहीत. काल संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून तिच्या निबंधाला योग्य अशी तीन जर्नले निवडली आणि पहिल्याचे मागचे दोन अंक वाचायला घेतले. जळगाव, धुळे, नंदुरबारमधील ज्या कोणाचा वनस्पतिशास्त्रातील वा केळी-कापसाच्या रोगांवरील निबंध तयार असेल, त्यांनी तो पाठवण्यापूर्वी मला संदेश करावा. मी पूर्ण वाचेन आणि जे खटकेल ते स्पष्ट लिहून कळवेन. दहा दिवसांची मुदत मला द्यावी.